बोलकं चाक

माणसाचा डोळा फसतो, कान कधीच फसत नाही, अशी सरावलीच्या चिमण सुताराची ठाम श्रद्धा होती. त्याचा स्वतःचा उजवा कान मशीनच्या घरघरीने गेलेला असल्यामुळे ही श्रद्धा तो बायकोच्या, लाडकीच्या कानांवर चालवत असे.

संगिता मॅडमचं जेवणाचं टेबल सोमवारी द्यायचं होतं, आणि शनिवारी धार लावताना ग्राइंडरच्या जुन्या करड्या चाकाने चिमणची लाकूड तासायची पटाशी जाळली. धार निळी पडली, पोलादाचं पाणी उतरलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "सोमवारी नाही आलं तर मी चारोटीहून रेडिमेड आणते." चिमणने उंबरगावच्या कारखान्यातल्या मेहुण्याला, मिथुनला फोन लावला.

"पांढरं चाक घे. ते नरम असतं, पातं तापवत नाय," मिथुन म्हणाला. "पण घेताना बोटावर टांगून लाकडी मुठीने वाजवून बघ. खण्ण वाजलं तर चांगलं. भद्द वाजलं तर आतून तडा. फिरताना फुटलं तर थोबाडावर येईल."

"म्हणजे मडकं बघतात तसं?"

"तसंच."

मडकं म्हटल्यावर लाडकीसारखं पारखी दुसरं कोणी नव्हतं. तिने निवडलेला माठ आजवर पाझरला नव्हता. दोघं डहाणू रोडला दक्षाबेनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दक्षाबेनने पांढरी चाकं काढून ठेवली, अकरा. लाडकीने पहिलं बोटावर अडकवलं, पटाशीच्या मुठीने टिचकावलं आणि वर पाहिलं.

"पंखा बंद करा."

पंखा बंद झाला. "लाडकीबेन, या चाकाबरोबर ना..." दक्षाबेनने सुरुवात केली.

"श्श," चिमण म्हणाला.

नळाचा वॉशर घ्यायला आलेला झिपरू कुतूहलाने जवळ सरकला. त्याची मोटारसायकल बाहेर चालूच होती. लाडकीने नुसतं तिकडे बघितलं. झिपरूने जाऊन ती बंद केली आणि येताना दोन रिक्षावाले घेऊन आला. तिसऱ्या चाकापर्यंत दुकानात नऊ माणसं होती आणि नवव्याला कोणीतरी सांगत होतं की आतून तडा गेलेलं चाक ओळखणारी बाई आलीय.

"अहो, पण एक छोटी वस्तू..." दक्षाबेन म्हणाली.

"बेन, थांबा ना जरा. ऐकू द्या," झिपरू म्हणाला. वॉशर तो विसरला होता.

पाचवं भद्द वाजलं. गर्दीने सुस्कारा सोडला. चौथं चांगलं की सातवं यावर रिक्षावाल्यांत फूट पडली. मागे एक बाई नव्या कुकरला टिचक्या मारून बघत होती. दक्षाबेनने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा तिच्याच नोकराने तिला गप्प केलं.

"हे बोलतं," लाडकी सातव्याबद्दल म्हणाली. चाकाला कागद गुंडाळला गेला. गर्दीने वाट करून दिली.

घरी चिमणने ते बसवायला घेतलं. मशीनचा दांडा अर्ध्या इंचाचा. चाकाचं भोक सव्वा इंचाचं. चाक दांड्यावर काकणासारखं लोंबलं.

"भोक नाय बघितलंस?" चिमणने विचारलं.

"तू मला ऐकायला नेलंस, बघायला नाय."

तोवर दुकान बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. चिमणने कपाटामागून वडिलांचा घासायचा दगड काढला, निळं पडलेलं टोक झिजवून टाकलं आणि दिवसभर पाणी शिंपडत पटाशी घासली. रात्रीपर्यंत दाढी होईल अशी धार आली. मनगट मात्र वळेना.

सोमवारी संध्याकाळी संगिता मॅडमनी टेबलाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कुठे अडलं नाही.

"मशीनवर किती सफाई येते ना," त्या म्हणाल्या.

"हो," चिमण म्हणाला.

मंगळवारी तो चाक घेऊन दुकानात गेला. दक्षाबेनने खणातून बोटभर रुंदीचं एक काळं कडं काढून चाकाच्या भोकात दाबलं. भोक अर्ध्या इंचाचं झालं.

"याला बुश म्हणतात," ती म्हणाली. "तीनदा सांगत होते."

बुश प्लास्टिकचा होता. चाकाबरोबर फुकट मिळतो.