चष्मा जमा केल्याची पावती

उंचावर गेलेल्या माणसाला खालचं अधिक स्पष्ट दिसतं, हा समज फार जुना आहे. तो बहुतेक करून खाली राहिलेल्यांचा आहे. विमानातून उड्या मारायला शिकवणाऱ्या आमच्या गावाबाहेरच्या केंद्राने तो अनुभवाअंती बाजूला ठेवला. उडी मारणाऱ्याचे डोळे उघडे असावेत अशी तिथे अट आहे. त्यांना दिसावं अशी नाही.

केंद्राची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. शेडमध्ये शिरताच डाव्या हाताला पत्र्याचं काउंटर लागतं आणि त्यावर नियम सातवा चिकटवलेला असतो : ‘शरीराला कायमची न जोडलेली कोणतीही वस्तू वर नेता येणार नाही.’ खाली यादी : अंगठ्या, कानातले, पेन, कवळी, चष्मा, लेन्स. (पॅराशूटही शरीराला कायमचं जोडलेलं नसतं. त्याला सूट देणारं परिपत्रक तिसऱ्या दिवशी निघालं. मधले दोन दिवस उड्या बंद होत्या, असं केंद्राचं म्हणणं आहे.)

चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल केंद्राकडे नाही, हा आरोप खोटा आहे. एक आहे. काचेच्या कपाटात, कुलपात. असा एक न वापरलेला गॉगल सदैव हजर असला पाहिजे असा नियम आहे, आणि तो कुणाला दिला तर वापरलेला होतो. दरवर्षी तपासनीस येतात, सील पाहतात आणि शेरा लिहितात : ‘उत्तम स्थितीत.’

गेल्या वर्षी इथे १,३१२ उड्या झाल्या. त्यांतल्या ४९६ चष्मेवाल्यांच्या. वरून पडलेले चष्मे : शून्य. वर गेल्यावर काही दिसलेले चष्मेवाले : माहिती उपलब्ध नाही (फॉर्मात तसा रकाना नाही).

अशा केंद्रात नकाशा कचेरीतल्या एक निवृत्त आरेखक बाई आल्या. वय बासष्ट, चष्म्याचा नंबर मायनस अकरा. त्यांचा हेतू जरा कमी दर्जाचा होता : त्यांना खाली बघायचं होतं.

एकतीस वर्षं त्यांनी वरून दिसणारं गाव कागदावर काढलं, पण वरून कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या नकाशात कालवा तिसऱ्या वळणाला डावीकडे जात होता. डावीकडे खुणांच्या यादीची चौकट आली होती. चौकट हलवायची तर सगळा नकाशा पुन्हा काढावा लागला असता, म्हणून साहेबांनी कालवा उजवीकडे वळवला आणि बाईंच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजी’ असा शेरा मारला. तो शेरा आजही तिथे आहे. कालव्याला अर्थातच काही कळवलेलं नाही.

बाई तयारीनिशी आल्या होत्या. तीन आठवडे वॉशबेसिनसमोर उभं राहून त्या लेन्स घालायला शिकल्या. सून त्यांची पापणी धरून उभी राही.

“आई, वर बघा. वर. छताकडे, माझ्याकडे नाही.”

“तुझ्याकडे कोण बघतंय? मला तू दिसतच नाहीयेस.”

काउंटरवरच्या कारकुनाने आधी पर्समधला चष्मा घेतला. मग त्याने बाईंचे डोळे निरखून पाहिले.

“काकू, लेन्स काढा.”

“त्या डोळ्यांत आहेत.”

“कवळी तोंडात असते. तीही काढतातच की.”

“मग मला दिसणार कसं?”

“व्हिडिओ मिळतो ना.”

बाईंनी कपाटातल्या गॉगलकडे बोट दाखवलं. कारकुनाने सीलकडे बोट दाखवलं. पावती फाडली गेली : ‘चष्मा एक, डोळ्यांतील काचा दोन.’ तारीख, वेळ, शिक्का. पावती सुनेने वाचून दाखवली.

पॅराशूट उघडल्यावर हवेत शांत असतं, बोलता येतं. पाठीला बांधलेले उडीमास्तर म्हणाले, “बघा काकू, काय दिसतंय?”

“हिरवं. त्यात काहीतरी मळकट.”

“तेच.”

“कालवा तिसऱ्या वळणाला कुठे जातो, एवढं सांगा. डावीकडे की उजवीकडे?”

उडीमास्तरांची ती दोन हजार एकशे चौथी उडी होती. “कालवा?” ते म्हणाले. “इथे कालवा आहे? कॅमेऱ्यात बघा काकू, हसा.” आणि हसायचं कुठे ते दाखवायला त्यांनी मनगट हलवलं.

मनगटावरचा कॅमेरा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो, कारण गिऱ्हाइकाला जगात पाहण्यासारखं तेवढंच असतं. मनगट हललं तेव्हा मात्र तो दीड सेकंद खाली कलला. त्या रात्री चष्मा लावून, चित्र थांबवून बाईंनी पाहिलं. दोन मिनिटं चाळीसाव्या सेकंदाला, त्यांच्या कानामागे, कालवा डावीकडे वळत होता.

त्यांनी कचेरीला अर्ज केला : नकाशा दुरुस्त करावा, शेरा काढावा. व्हिडिओ आणि त्यातलं थांबवलेलं चित्र जोडलं. उडी मारल्याचा पुरावा म्हणून पावतीही जोडली, कारण केंद्राच्या प्रमाणपत्रावर तारीख नसते (प्रमाणपत्रं आधीच छापून ठेवलेली असतात).

कचेरीने नवव्या दिवशी उत्तर दिलं. ही तत्परता नोंदवण्याजोगी आहे. ‘उडीच्या वेळी अर्जदाराचा चष्मा व लेन्स जमा होत्या, हे अर्जदारानेच सादर केलेल्या पावतीवरून सिद्ध होते. सबब अर्जदाराने कालवा पाहिलेला नाही. चित्र अर्जदाराने स्वतः निवडलेले असल्याने विचारात घेता येत नाही. तथापि, सदर व्हिडिओत कालवा डावीकडे वळताना कोणी न सांगता पाहिलेल्या दोन व्यक्तींचे जबाब पंधरा दिवसांत आल्यास फेरविचार होईल.’

दोन माणसं म्हणजे काहीच नव्हे. सुनेने व्हिडिओ उडीच्याच दिवशी सगळ्यांना पाठवला होता. १,१४० जणांनी तो पाहिला. ३८६ जणांनी खाली लिहिलं : ‘काय सुंदर दृश्य’, ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’. सुनेने त्याखाली विचारलं, “आईंच्या कानामागे काय दिसलं, कुणी सांगेल का?” उत्तरादाखल चौदा बदाम आले. एकाने केंद्र रविवारी चालू असतं का, असं विचारलं.

त्या पंधरा दिवसांतला आज बारावा दिवस आहे. जबाब एकही नाही. त्या ३८६ जणांत तुमचंही नाव आहे, वरून चौथं. आणि तुमचा चष्मा तर कोणी जमा करून घेतला नव्हता.