वानखडे सिस्टरांची भरती

वानखडे सिस्टर पेशंटआधी त्याचे नातेवाईक तपासायच्या.

"काय करतं तू?"

"शेती, बाई."

"आजपासून तू सरकारी नोकरीत. हे सलाईन पाहजो. पाणी बाटलीच्या गळ्याशी आलं की मले हाक मार. अन् पेन्शन मागू नको!"

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं देतो. तीस खाटा, एक बाळंतपणाची खोली आणि दिवसभराला एक सिस्टर. बाकीच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "सिस्टर, जरा हसतमुख राहत जा." बाई म्हणाल्या, "हसाले वेगळी पोस्ट मंजूर करा, साहेब."

लोक त्यांना खाष्ट म्हणत. मीही म्हणायचो.

उन्हाळ्यात जानेफळचे एक आजोबा आले, दम्यानं बेजार झालेले. सोबत फक्त आजी. सिस्टरांनी तिला ऑक्सिजनच्या सिलेंडरवरचा काटा दाखवला. "हा लालवर आला की बोंबल." आजी दोन दिवस काट्यावरची नजर हलवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या, आणि इकडे आजीचा डोळा लागला. सिलेंडर संपलं. बाळ वाचलं, आजोबा गेले.

नोटीस आली. 'घटनेच्या वेळी आपण जागेवर का नव्हता?' सिस्टरांनी खाली लिहिलं, 'कोणत्या जागेवर?'

चौकशीत साहेबांनी विचारलं, "मग काट्याकडे लक्ष कोणाचं होतं?"

"कोणाचंच नाही. माझं पाहिजे होतं."

आजीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारीच उभा होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, एकट्या बाईवर वॉर्ड कसा चालतो तेही. मी मान खाली घातली. सिस्टर निलंबित झाल्या. अहवालात रिकाम्या जागांबद्दल एक ओळ नव्हती. त्यांच्या जागी कोणी आलंही नाही.

आठवड्यानं त्या म्हणाल्या, "जानेफळले सोडता का मले?" मी गाडी काढली.

आजीनं दारातच त्यांचे हात धरले. "माहा डोया लागला वं बाई. म्याच मारलं त्याइले."

"काऊन असं बोलतं? सिलेंडरच खराब होतं. तू जागी असती तरी बंद पडलं असतं."

"खरं?"

"त्याचीच तर चौकशी झाली."

आजी हंबरडा फोडून रडली. सिस्टर ओट्यावर टेकल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ऊन उतरेपर्यंत हलल्या नाहीत. एकाच माणसापाशी इतका वेळ बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.