दादाच्या नावाची जळू

"डॉक्टरांनी हात टेकले रे. हे उपचार उरकले की तुझ्याकडेच राहायला येतो," असा थोरल्या भावाचा फोन आला आणि जळूसरांचं धाबं दणाणलं. प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचा जन्म जळवांत गेला, म्हणून हे टोपणनाव. वडिलांचं घर दादाने एकट्याने गिळलं, या रागात सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तेवढ्यावर भागलं नाही, तेव्हा नव्या सापडलेल्या जळूला त्यांनी दादाचं नाव ठोकून दिलं होतं.

"नाव मागे घ्या की," बायको म्हणाली.

"एकदा छापलं की देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही."

"मग आता?"

"ही जळू नवी नाहीच, आधीच नाव मिळालेल्या जातीची आहे, असं सिद्ध झालं तर जुनं नाव टिकतं. आपलं बाद."

"आणि सिद्ध कोण करणार?"

"मीच! माझी चूक मीच काढायची."

सर बाटल्या उघडून बसले. ओढूनताणून काढायला गेले, तर चूक खरोखरच निघाली. ती कुठल्याही डबक्यात सापडणाऱ्या जळूचं पिल्लू होती. त्यांनी तसं छापलं. जन्मभर जळवांत राहून पिल्लू ओळखता आलं नाही, म्हणून लोक हसले. सरांची पार शोभा झाली, पण नाव तरी बुडालं.

दादा आला. नुसती हाडं उरली होती. खुर्चीत टेकून त्याने आधी दम घेतला.

"तू बोलत नव्हतास, पण माझं नाव दिलंस म्हणे एका जातीला. पोरीने दाखवलं. तेव्हाच म्हटलं, राग गेला याचा."

"दादा, ती जळू आहे रे..."

"असेना! वाघसिंह काय सगळ्यांच्या नशिबी असतात? मला ना मुलगा, ना नातू. तेवढंच मागे राहील. राहील ना?"

बायको दारातच थबकली.

"छापलेलं नाव पुसता येत नाही, दादा," सर म्हणाले. तेवढं खरं होतं. बाद नावांच्या रांगेत ते कायम राहणार होतं. पुढचं सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

"मग दाखव की मला, मी आहे तोवर."

सरांनी डबक्यातून एक धरून आणली. दादाने बरणी डोळ्यांशी नेऊन ती बराच वेळ न्याहाळली.

"माझ्यासारखी नाही रे दिसत," तो हळूच म्हणाला. "तुझ्यावर गेलीय."