कासमचाचांनी फाडलेला अर्ज

कासमचाचांनी माझा नोकरीचा पहिला अर्ज माझ्या डोळ्यांदेखत फाडला. दोन दिवस खपून, कोरून कोरून लिहिलेला अर्ज. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चार तुकडे केले, ते नीट एकावर एक ठेवून माझ्या हातात दिले आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.

चाचा भिवंडीत आमच्या गल्लीच्या टोकाला एकटे राहत. उभी हयात बोटीवर कारकुनी केलेली, चाची वारलेल्या, मुलगा कुवेतला. घरात एक जुना टाइपरायटर. गल्लीत कुणालाही अर्ज हवा असला की चाचा टाइप करून देत. पण त्यांच्यासमोर बसणं म्हणजे पोलीसचौकीत बसणं. अर्जात स्वतःची तारीफ केलेली त्यांना खपत नसे. 'मी प्रामाणिक आहे' असं लिहिलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोन बोल्ला?" 'मेहनती' लिहिलं तरी तेच, "कोन बोल्ला?" शेजारच्या एकाने 'चारित्र्य उत्तम' असं लिहून नेलं, तर चाचांनी त्याच्या बायकोला बोलावून विचारलं. ती नुसती हसली. चाचांनी ओळ खोडली.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात कारकून हवा होता, आणि ही खबर चाचांनीच माझ्या बाबांना दिली होती. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. ते मला घेऊन चाचांकडे आले आणि वर सांगितलेला प्रकार घडला.

आजवर काय काम केलंस, असं चाचांनी विचारलं. काहीच नाही, म्हटलं. मग दर रविवारी तुमच्या पायरीवर गर्दी कसली असते, असा त्यांचा सवाल. ते लूमवरचे कामगार. उत्तरेत आपल्या मुलखाकडे पाठवायची पत्रं मी त्यांना हिंदीत लिहून देत असे, आलेली वाचून दाखवत असे. हे मी अर्जात लिहिलं नव्हतं म्हणून चाचा खरंच चिडले. त्यांनी टाइपरायटरला नवा कागद लावला आणि पहिल्याच ओळीत ते गेलं.

दुसरी ओळ त्यांनी टाइप केली ती अशी: 'गणितात एकदा नापास, दुसऱ्या खेपेस पास.' मला रडू यायचं बाकी होतं. बाबांनीही आ वासला. हे वाचून मला दारात तरी कोण उभं करील, असं मी कसंबसं म्हणाले.

"मार्कशीट साहेब बघनारच हाय," चाचा म्हणाले. "तेच्या आधी तू सांग. मग तो बाकीच्या गोष्टींवर इतबार ठेवल."

मुलाखतीत साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्यांदा पास कशी झालीस, एवढंच विचारलं. मी सांगितलं. नोकरी मिळाली! हा धक्का पचवायला मला आठवडा लागला.

पण खरा धक्का महिन्याभराने बसला. साहेबांनी जुने अर्ज फायलीत लावायला दिले होते. माझ्याच जागेसाठी आलेल्या अर्जांत एक कागद ओळखीच्या टाइपरायटरवरचा निघाला. तारीख माझ्या अर्जाच्या आठ दिवस आधीची, खाली सही कासमचाचांची. 'वय अडुसष्ट. उजव्या कानाने ऐकू येत नाही. हिशेब चोख, याला बोटीच्या कंपनीचा दाखला जोडला आहे. पगार द्याल तो. सकाळी तयार होऊन जायला एक जागा हवी आहे.' कोपऱ्यात पेन्सिलीने साहेबांचा शेरा होता: 'वय फार.'

मी तारीख पुन्हा पाहिली. नकार आला, तशी त्यांनी लगेच बाबांना खबर दिली असणार. आणि आमच्यासमोर चकार शब्द काढला नव्हता.

मीही काढला नाही. कागद फायलीत लावला. संध्याकाळी चाचांकडे गेले आणि मला टायपिंग शिकवा, म्हटलं. ड्युटीच्या आधी, सकाळी सातला येईन.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज, चाचा."

दुसऱ्या दिवशी मी सातला पाच मिनिटं कमी असताना पोचले. दार उघडंच होतं. चाचा इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट, अशा थाटात आपल्याच घरात खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली.