किसनमामांची ओहोटी

भर पंगतीत, भातावर तूप पडत असताना, "ओहोटी लागली" म्हणून पान सोडून उठणारा माणूस उभ्या वाशीममध्ये एकच होता आणि तो माझा शेजारी होता. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी समुद्र चित्रातसुद्धा पाहिलेला नव्हता.

किसनमामांचा गावाबाहेर वांगी-मिरचीचा मळा. बायको वारलेली, एकुलती लेक सखू कोकणात दिलेली. जावई मीठखात्यात शिपाई. मामा एकदाच तिच्याकडे जाऊन आले. लोक कोकणातून नारळ आणतात, यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून धोंडा आणला. धोंड्यावर लाल शेवाळ होतं, शेपूच्या जुडीएवढं, रंगानं डाळिंबाच्या दाण्यासारखं.

"याले मूळच नाही जी, गुर्जी," मामा मला सांगत. "नुसतं दगडाले धरून राह्यते. पानी पानानंच पेते."

हे शेवाळ खडकाच्या सांदीत, सावलीत वाढतं, कडक उन्हात त्याचा लाल रंग उडतो. म्हणून मामांनी ते गोठ्यातल्या दगडी डोणीत ठेवलं. ओहोटीला डोणीतलं मीठ कालवलेलं पाणी घागरीत काढायचं, भरतीला परत ओतायचं. समुद्राला दिवसरात्रीत दोन ओहोट्या असतात म्हणे, पण मामा उजेडातली तेवढीच पाळत. "रातच्याले काय काम," म्हणत.

ओहोटी तिथीगणिक दोन घटका पुढं सरकते. पंचांग माझ्याकडे. त्यामुळे रोज सकाळी मी तोंडही धुतलेलं नसताना दारात हाक यायची, "गुर्जी, आज तिथ कोनती?" शाळेत पोरांपुढे घसा फोडून मी आधीच जेरीला आलेलो, त्यात हा समुद्र.

एकदा झोपेत मी चुकीची तिथी सांगितली. त्या दिवशी बैलानं डोणीतलं पाणी पिऊन टाकलं. मामा बैलाला काही बोलले नाहीत. मलाच म्हणाले, "तुमच्या पंचांगानं घात केला. नाहीतर या येळी डोणीत पानीच नसतं."

मग उन्हाळा आला. पाणी तापलं. शेवाळ लालाचं हिरवट झालं, हिरव्याचं पांढरं, आणि शेवटी त्याचा चिखल होऊन घाण सुटली. मामांनी डोण घासून धुतली. मला वाईट वाटलं; पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाक. "गुर्जी, आज तिथ कोनती?"

मी चिडलो. "मामा, शेवाळ गेलं. आता कायले पाहिजे तिथी?"

मामा पायरीवर टेकले. पागोट्याचं टोक चाचपत सांगू लागले.

"सखू ओहोटीले खडकावर उतरते जी. शेवाळ काढते, परसातल्या वांग्याले खत म्हून. माळ्याचीच पोर ते. मी होतो तवा काम करता करता पानी पाठीमांगून आलं, तिले समजलंच नाही. मी हात धरून वढली. आता तिथं कोनी नाही हात धराले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खुंटीवरचं पंचांग काढलं. "सप्तमी," म्हणालो.

त्या दिवशी दुपारी शाळेतून परतताना मी गोठ्यात डोकावलो. डोणीत नुसता धोंडा होता. मामा वाट बघत बसले होते, भाकरी फडक्यात तशीच बांधलेली. वेळ झाली तसे ते उठले, घागर उचलली आणि धोंडा बुडेपर्यंत पाणी ओतलं.

"आली पोर वर," ते म्हणाले, आणि भाकरी सोडून जेवायला बसले.