गोमा आबांचं घंगाळ

गोमा आबांच्या दारात दारूसाठी एकटे गेलात, तर ती मिळायची नाही. हात जोडा, नातं सांगा, नोट दाखवा, काही उपयोग नाही. आबा अंगणाच्या कडेच्या धोंड्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "एकट्याला नाय. दुसरा आण, नायतर बस तिथं, कोण आला तर बघू."

मोहाची ही दारू दोघांनी प्यायची असते, असं आबांचं म्हणणं. एकटा माणूस पितो तो औषध पितो, नाहीतर रडतो. आणि दोन्हीसाठी माझं घर नाय. वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेज घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत सगळ्यांना हा नियम पाठ होता. दुसरा माणूस मिळवण्यासाठी लोक काय काय करायचे! एकानं आपल्या सासूला आणलं. एकानं रस्त्यावर बंद पडलेल्या एस.टी.चा कंडक्टर आणला. बांधावरून बोलणं बंद असलेले दोन सख्खे भाऊ एका संध्याकाळी वेगवेगळ्या वाटेनं आले आणि वेगवेगळ्या धोंड्यांवर बसून राहिले. तिसरा कोणी येईना. शेवटी आबा म्हणाले, "तुमी दोन हायत की रे." दोघं पाठीला पाठ लावून प्यायले. बांधाचं भांडण मिटलं नाही, पण पुढे दर बाजाराच्या दिवशी ते तसेच पाठीला पाठ लावून बसू लागले.

मी पहिल्यांदा गेलो तो दारूबंदीची पत्रकं घेऊन. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या चळवळीत, त्यामुळे मी अक्षरं शिकलो तीच मुळी "बंधूंनो आणि भगिनींनो" या शब्दांवर. मी अंगणात उभा राहून तोंड उघडणार, तोच आबांनी धोंडा दाखवला. मी म्हटलं, मला दारू नको, मी दारू बंद करायला आलोय. ते म्हणाले, "त्याला पण दुसरा लागल. एकट्यानं नाय व्हायाचं." तेव्हापासून मी त्यांचा कागदवाला झालो. माझी पत्रकं त्यांनी ठेवून घेतली. चूल पेटवायला बरी पडतात म्हणाले.

मी पुन्हा पुन्हा का गेलो, हे वडिलांना कधी नीट सांगता आलं नाही. खरं कारण ठकू आजी, आबांची बायको. आबांची भट्टी म्हणजे चुलीवर एक मडकं, त्यात आंबवलेली मोहाची फुलं. त्यावर बुडाला भोकं असलेलं दुसरं मडकं, त्यात थेंब झेलायला एक भांडं. आणि सगळ्यात वर थंड पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. वाफ वर येते, घंगाळाच्या गार बुडाला लागते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. घंगाळातलं पाणी तापलं की वाफ निसटून जाते आणि दारू फिकी उतरते. म्हणून पाणी सारखं बदलायचं. ते काम आजीचं. घंगाळही तिचंच, लग्नात माहेराहून आणलेलं. आबा चुलीपाशी बसून दर थोड्या वेळानं ओरडायचे, "पाणी बदल गो." आजी तोवर बदलून बसलेली असायची. "बदललं," ती म्हणायची, "तुमी जाळ बघा." हे बोलणं त्यांच्यात इतकी वर्षं चाललं होतं की त्यात शब्दांचं काम उरलं नव्हतं. माल उतरला की पळसाच्या पानांचे दोन द्रोण भरायचे, एक आबांचा, एक आजीचा. आधी ती चाखायची. तिनं मान हलवली तर बाकीच्यांना.

आबांच्या घराण्याचा इतिहास मी त्यांच्याच तोंडून ऐकला. तो धाडींनी मोजलेला होता. आजाची धाड गोऱ्या सायबाच्या टायमाची. बापाची धाड, त्यात बापाचा दात गेला. थोरली लेक झाली ती फुलं पेरभर पाण्यात भिजत असताना, जमादार दारात असताना. धाकटा मुलगा कल्याणला कामाला गेला ते दोन धाडींच्या मधे. वाडीत वाढदिवस कोणालाच ठाऊक नसतात. पण आबांना विचारलं की पोरांचं वय धाडींवरून सांगायचे आणि ते बरोबर निघायचं.

आणि इथे मला संताप यायला सुरुवात होते. कारण याच वर्षांत, घाट चढून गेलं की पलीकडे, द्राक्षाची दारू करणाऱ्या घराण्यांना सरकार डोक्यावर घेऊन नाचत होतं. तिला दारू म्हणायचं नाही, वाइन म्हणायचं. कर माफ. शेतीचा जोडधंदा म्हणून शाबासकी. रविवारच्या पुरवणीत पानभर फोटो: आजोबांनी वेल लावली, वडिलांनी पीपं आणली, नातू परदेशात शिकून आला. तीन पिढ्यांचा वारसा! गोमा आबांच्या तीन पिढ्यांना वारसा म्हणून काय मिळालं? एक पडलेला दात आणि गुन्ह्याची नोंद. फळ आंबवलं तर संस्कृती, फूल आंबवलं तर कलम. मोहाचं झाड जंगलात उभं आहे, त्याला कोणी पाणी घातलं नाही, कर्ज काढलं नाही, फवारणी केली नाही. बारशाला, लग्नाला, दहाव्याला या लोकांना त्याचा थेंब जमिनीवर सांडावा लागतो, त्याशिवाय पितर उठत नाहीत. हे सगळं बेकायदा. आणि पुरवणीतला नातू राष्ट्राचा अभिमान. मी दारूच्या बाजूचा नाही. आजही नाही. पण बंदी करायची तर घाटाच्या दोन्ही बाजूंना करा, एवढं कळायला परदेशात शिकावं लागत नाही.

ठकू आजी एका पावसाळ्याच्या शेवटी तापानं गेली. दवाखाना लांब, रस्ता वाहून गेलेला. त्याबद्दल लिहायला बसलो तर दुसरं पत्रक होईल. त्यानंतर आबा भट्टी लावायचे, पण दारूला शिवायचे नाहीत. वाडीत चर्चा व्हायची की म्हातारा हुशार, स्वतःचा माल ओळखून आहे. मीही एकदा विचारलं. ते म्हणाले, "नियम हाय ना." मला वाटलं, टाळताहेत. चुलीपाशी बसले की अजून ओरडायचे, "पाणी बदल गो." मग थोडा वेळ थांबायचे, उठायचे आणि स्वतःच बदलायचे. पोरं हसायची. आबाही हसायचे. सवय हाय रे, म्हणायचे.

मग आणखी एक धाड पडली. मडकी फुटली, त्याचं आबांना काही नव्हतं. मडकी म्हशाच्या जत्रेत पुन्हा मिळतात, आबा दर वर्षी दोन जास्तच आणायचे, सरकारच्या नावाची. पण या वेळी धाडवाले घंगाळ उचलून घेऊन गेले. मुद्देमाल म्हणून. आबा जीपमागे नाक्यापर्यंत चालत गेले. त्यांनाही पकडलं होतं, पण जीपमध्ये घंगाळ ठेवल्यावर त्यांना बसायला जागा उरली नव्हती, म्हणून उद्या या म्हणाले होते.

जामिनावर सुटून आले तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी होती. दंड करा, आत टाका, घंगाळ द्या.

मी पेटलो. मी ठरवलं, एक लेख लिहायचा: एक घराणं इकडचं, एक घराणं तिकडचं. आणि आबांना घेऊन एस.टी.नं माळशेज चढून पलीकडच्या एका वाइनच्या कारखान्यात गेलो. तिथे हिंडवून दाखवायची सोय होती. एक नीटनेटकी मुलगी आमच्यासोबत आली. भिंतीवर घराण्याचे फोटो होते, आजोबा, वडील, मुलगा, आणि मुलाच्या शेजारी फीत कापणारे मंत्री. आबांनी सगळे फोटो बारकाईनं पाहिले आणि विचारलं, "बाय, यांच्यावर धाड कवा पडली?"

तिला वाटलं, विनोद आहे. हसून म्हणाली, "धाड कशी पडेल आजोबा? साहेबच आमच्याकडे पाहुणे येतात."

आबा परत फोटोंकडे वळले. "यात बाई दिसत नाय. मग पाणी कोण बदलायचं?"

तिनं आम्हाला पुढे नेलं. पुढच्या खोलीत पेले मांडले होते. रंग कसा बघायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात फिरवून बादलीत कसा थुंकायचा, हे तिनं करून दाखवलं. थुंकताना बघून आबांनी पेला खाली ठेवला. "अन्नावर थुंकत नाय आमी," म्हणाले, आणि बाहेर येऊन द्राक्षांच्या मांडवाखाली बसले. येताना एस.टी.त मी तासभर सरकारला शिव्या देत होतो. आबा खिडकीतून घाट बघत होते. वैशाखरे आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माणसं वाईट नाय ती. फक्त तेंचं घंगाळ कोण नेत नाय."

कोर्टाच्या तारखेला मी दोन पानी निवेदन घेऊन गेलो. त्यात समता होती, परंपरा होती, घटना होती. वाचायची वेळच आली नाही. नाव पुकारल्याबरोबर आबा पुढे झाले आणि कोणी विचारायच्या आधी म्हणाले, दारू केली. मडकी फोडली, ठीक. फुलं नेली, ठीक. मग आवाज चढला.

"पण सायब, घंगाळात पाणी होतं. दारूचा थेंब त्याला कधी लागला नाय, खालून नुसती वाफ लागली. पाणी ठेवलं म्हणून भांडं न्यायचं, तर तानशाचं धरण पण उचलून आणा. ते पाणी घालून ममईत किती लोक दारू पितात, त्याचा हिशोब कोण करतो?"

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. दंड झाला. पण भांडं घरगुती वापराचं दिसतं, परत द्या, असंही ते म्हणाले. मला अजून राग आहे की एवढ्या मोठ्या अन्यायाची तड एका घंगाळावर लागली आणि कायदा होता तिथेच राहिला. माझं निवेदन खिशातच चुरगळलं.

घंगाळ परत मिळालं ते एका बाजूला चेपलेलं, कडीला लाखेची मोहोर आणि नंबराची चिठ्ठी. वाडीपर्यंत आबांनी ते स्वतः डोक्यावर वाहिलं. मला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर राखेनं घासलं, मोहोर खरवडून काढली, पाण्यानं भरलं आणि थंड चुलीवर ठेवलं. भट्टी नव्हती, मडकी नव्हती. नुसतं पाण्याचं घंगाळ.

मग भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक बाटली काढली. कुठल्याच धाडीला न सापडलेली. म्हणाले, "ठकूच्या हातची शेवटली." आणि पळसाचे दोन द्रोण लावले.

"बसतोस?"

"आबा, मी पीत नाही."

"पी म्हणलं का मी? बस म्हणलं."

तेव्हा मला तो नियम कळला. इतके दिवस त्यांना दुसरा माणूस नव्हता.

मी बसलो. माझा द्रोण त्यांनी चुलीच्या डाव्या अंगाला ठेवला, जिथे आजी पाणी बदलायला बसायची तिथे. थोडा वेळ वाट पाहिली, ती आधी चाखते म्हणून. मग स्वतःचा उचलला, एक घोट घेतला, तोंडात धरला आणि कपाळाला आठी घातली.

"फिकी हाय," म्हणाले. "पाणी बदलायला उशीर केला तिनं."

घंगाळातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग हळूच, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "ताप होता गो तुला. मी उगा ओरडलो."