साठेकाकांची ग्लासगोची सीट

साठेकाका ऑनलाइन पोकर खेळायला टाय लावून बसत. "तुम्हाला इथे बघतंय कोण?" मी एकदा विचारलं. "मी बघतोय ना!" म्हणाले. मी हात टेकले.

लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल देऊन निवृत्त झालेला हा गृहस्थ माझा शेजारी. घरी ब्रॉडबँड मीच लावून दिलं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. दर रविवारी जेवण उरकलं की काका पात्रता स्पर्धेला बसत. थोडीशी फी भरायची, आणि जिंकलात तरी हातात पैसे नाहीत. मोठ्या स्पर्धेत खेळायची सीट मिळते. काकांना ग्लासगोला प्रत्यक्ष टेबलावर होणाऱ्या फायनलची सीट हवी होती. अकरा रविवार ओळीने हरले, बाराव्याला पुन्हा हजर!

"अहो काका, सरळ ट्रेनचं बुकिंग करून ग्लासगोला जाऊन या."

"छट्! क्वालिफाय होऊनच जाणार."

त्या रविवारी शेवटी सहाजण उरले. सीट पाच. काकांपुढे चिप्सचा ढीग, आणि हातात चक्क दोन एक्के. पोकरमध्ये याहून भारी सुरुवात नाही. मी खुर्चीतून उठलोच. काकांनी शांतपणे पानं टाकून दिली.

"काका! एक्के होते!"

"अरे, पहिल्याला जी सीट, तीच पाचव्याला. मग उगाच लढायचं कशाला? ऑपरेशननंतर पेशंट फर्स्ट क्लास मिळवत नाही, नुसता जागा होतो. तेवढं पुरे."

दोन डावांनंतर दुसराच एक उतावळा सगळ्या चिप्स लावून बाद झाला आणि काकांची सीट पक्की झाली. मी टाळ्या वाजवत होतो. काकांनी मात्र टाय सैल केला.

"ग्लासगोला मीनल असते," ते म्हणाले. मीनल म्हणजे त्यांची मुलगी. तिचं लग्न पसंत नव्हतं म्हणून काका लग्नाला गेले नाहीत, आणि त्याला सहा वर्षं झाली. चार वर्षांची नात त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. "कुठल्या तोंडानं जायचं रे नुसतं? स्पर्धेला आलो होतो, म्हणून डोकावलो, असं म्हणता येतं."

मला गलबलून आलं. तरी तोंडातून शंका निघालीच, "पण काका, फायनल तीन दिवस चालते. तिच्याकडे जाणार कधी?"

"पहिल्याच डावात सगळ्या चिप्स लावणार," काका ठामपणे म्हणाले. "पानं न बघता."